नोझल चेक

आभाळात रेघ आली.
मुलीच्या कपाळाच्या वीतभर वर,
चव्वेचाळीस इंची कागदाच्या डाव्या कडेपासून
थेट खारफुटीच्या काळोखापर्यंत,
पांढरी, केसाएवढी.
गुणो म्हणाला, हेड चोंदलं.
म्हटलं, आधी नोझल चेक काढ.

डिचोलीत असलं मशीन घेणं हाच मुळात वेडेपणा.
खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ
काचा बंद केल्या तरी आत येऊन बसते,
आणि जुलैत कागदाचा रोल
दमट पापडासारखा पडतो,
कडा उचलतो, हेडला घासतो,
कोपऱ्यात काजळाचं बोट लावून ठेवतो.

नोझल चेक आला: आठ रंगांच्या आठ पायऱ्या,
एक दात पडलेला नाही.
काळा शाबूत, निळा शाबूत,
फिका गुलाबी, जो दर महिन्याला दगा देतो,
तोही शहाण्यासारखा शाबूत.
तरी मी क्लीनिंग मारलं.
ताप उतरल्यावरही माणूस एक गोळी जास्त घेतो, तसं.
दोनदा.
मग तिसऱ्यांदा ते जोरातलं,
जे मारू नका म्हणून मी लोकांना फोनवर सांगतो.
शाईचे पैसे टँकमध्ये गेले, गुळण्या होऊन.

कागद सरकण्याचं माप बदललं.
हेड जुळवलं. वेग निम्म्यावर आणला,
एकाच दिशेनं छापलं,
डीह्युमिडिफायरचं पाणी दोनदा मोरीत ओतलं.
रेघ जागची हलली नाही.

रात्री, मयेकडची शेवटची बस गेल्यावर,
सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं:
चित्रच फिरवून छापलं.
मशीनची रेघ असती तर आडवीच राहिली असती.
ती चित्राबरोबर उभी झाली.

गुणोनं हात जोडले, मशीनला.
"निगेटिव्हवर ओरखडा असणार," म्हणाला,
आणि भाजीपाव येईस्तोवर बसून
आभाळाचेच ठिपके उचलून आभाळावर लावत गेला.
छापलं.
इतकं स्वच्छ आभाळ मी गोव्यात पाहिलेलं नाही.

सकाळी चोडणहून पिएदाद बाई आली,
ओली छत्री दाराबाहेर ठेवून.
दोन्ही प्रिंट टेबलावर पसरले.
स्वच्छ असलेल्याकडे ती पाहत राहिली,
मग बोट फिरवलं, कागदाला न लावता.
"दोरी खंय गेली?"
कसली दोरी?
"गरीची. पायची."

ती दहा वर्षांची, मानशीजवळच्या बांधावर.
मामानं कॅमेरा काढला
की बाप चौकटीबाहेर सरकायचा, दर वेळी.
त्या दिवशीही सरकला, पण गळ
पलीकडच्या खारफुटीत अडकला होता,
आणि तो ओढत होता, शिव्या देत,
दोरी तंग, तारेसारखी,
म्हणून ती हसतेय.
"ताचो फोटो एकूय ना," बाई म्हणाली,
जणू पाववाला आज आला नाही, एवढ्याच आवाजात.

चष्मा पुसून मी पुन्हा पाहिलं.
रेघ कलती होती.
डावीकडे जराशी वर,
जिथं कुणाचा तरी हात असणार.
वीस वर्षं हाच धंदा करतोय मी:
मशीनची चूक कलत नाही,
ती पट्टीनं आखलेली असते
आणि झाड आलं म्हणून थांबत नाही.

तिनं रेघेचा प्रिंट नेला, तिसरा,
कोपऱ्यात काजळ लागलेला.
दुसरा काढून देतो म्हटलं, तर नको म्हणाली,
बोटीची वेळ झाली होती.
क्लीनिंगची शाई बिलात लावली नाही.
गुणोनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

स्वच्छ प्रिंट आम्ही भिंतीवर लावलाय, नमुना म्हणून.
गिऱ्हाइकं आभाळाची तारीफ करतात.
मुलगी डावीकडे बघून हसते.
डावीकडे आमचा स्विचबोर्ड आहे.